येत असल्याचे कळवावे

मुलाखतीचा ईमेल आला तेव्हा सावधानराव स्टुलावर उभे राहून बैठकीच्या खोलीतला दिवा बदलत होते. म्हणजे बदलायच्या बेतात होते. आधी त्यांनी मेन स्विच बंद केला होता, तो खरंच बंद झालाय का हे पाहायला पंख्याचं बटण तीनदा दाबून पाहिलं होतं, पायात रबरी चपला चढवल्या होत्या आणि स्टूल धरायला बायकोला उभं केलं होतं. तिच्या एका हातात स्टूल होतं आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचा फोन, कारण खिशात फोन ठेवून उंचीवर चढणं सावधानरावांच्या नियमात बसत नव्हतं. फोन वाजला. तिने पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मुलाखतीला बोलावलंय तुम्हाला."

दुसरा एखादा माणूस हे ऐकून स्टुलावरून पडला असता. सावधानराव पडले नाहीत. पडणं हा त्यांचा विषय होता. रंगाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते आणि माणसं कुठून, कशी आणि कशामुळे पडतात याचा विचार करण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. कारखान्याच्या भिंतीभिंतीवर 'सावधान' लिहिलेल्या पाट्या त्यांनीच लावून घेतल्या होत्या. त्यावरून कामगारांनी त्यांना हे नाव ठेवलं, आणि ते कारखान्यातून त्यांच्या राहत्या इमारतीत कसं पोचलं कुणास ठाऊक. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तर सावधानराव तोंड स्टुलाकडे ठेवून, आधी डावा, मग उजवा पाय टेकवत रीतसर खाली उतरले आणि मगच घाबरले.

घाबरण्यासारखं कारण होतं. रंगाचा कारखाना बंद पडून बरेच महिने झाले होते. इमारतीत त्यांनी 'साठलेली रजा घेतोय' असं सांगून ठेवलं होतं, आणि ती रजा आता इतकी लांबली होती की जिन्यात कुणी भेटलं की सावधानराव स्वतःच आधी हवेचा विषय काढत. ठिकठिकाणी अर्ज केले होते. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी हो म्हटलं नाही. कुणी काही म्हटलंच नाही. आणि आज हा एक ईमेल आला होता, गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीकडून. आपली मुलाखत गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठेवली आहे, आपण येत असल्याचे उद्या दुपारपर्यंत ईमेलने कळवावे, एवढंच त्यात होतं.

"येतो म्हणून लिहून टाका आणि तो दिवा लावा," बायको म्हणाली. ती एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती आणि तिला दुपारच्या पाळीला जायचं होतं.

सावधानरावांनी फोन हातात घेतला. त्या फोनला एक खोड होती. मेल आला की त्याखाली तो आपल्या मनाने तीन तयार उत्तरं दाखवत असे. आत्ताही दाखवली होती: 'हो, येतो', 'धन्यवाद' आणि 'जमणार नाही'. तिन्ही एका ओळीत, एकमेकांना चिकटून. सावधानरावांचा अंगठा त्या चौकटींपेक्षा मोठा होता. हो आणि नाही यांच्यात निदान हातभर अंतर हवं, मधे एखादा कठडा हवा, नाही तर लाल रंग तरी हवा, असं त्यांना वाटलं. कारखान्यात कुणी यंत्र सुरू करायचं आणि बंद करायचं बटण असं शेजारी शेजारी बसवलं असतं तर त्यांनी ते यंत्र त्याच दिवशी सील केलं असतं. त्यांनी फोन अलगद पालथा ठेवला आणि मुलीचा जुना लॅपटॉप काढला. मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असे. लॅपटॉप तिच्या कॉलेजच्या दिवसांतला होता. कंपनीचा पत्ता त्यांनी आधी कागदावर उतरवला, फोनशी ताडून पाहिला, कागदावरून लॅपटॉपवर उतरवला आणि परत ताडून पाहिला. इथवर सगळं सुरळीत होतं.

मग त्यांनी 'मी येतो' असं टाइप केलं, आणि ते परत एकदा वाचलं. आपल्या भाषेत माणूस 'येतो' कधी म्हणतो? निघताना म्हणतो. दारात चपला घालून 'बराय, येतो' म्हणतो आणि जातो. कंपनीने हे वाचलं आणि हा गृहस्थ निरोप घेतोय असं समजलं तर? त्यांनी 'येईन' केलं. पण 'येईन' म्हणणारे बहुधा येत नाहीत, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. 'येणार आहे' हे जरा धमकीसारखं वाटलं. 'नक्की येतो' लिहिलं तर एरवी हा नक्की नसतो की काय, अशी शंका येणार. 'आनंदाने येतो' लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण त्यांना आनंद होत नव्हता, घाम फुटत होता, आणि कंपनीला दिलेल्या पहिल्याच लेखी निवेदनात खोटं लिहायचं त्यांच्या मनाला पटेना. बायको कामावर निघाली तेव्हा पडद्यावर 'मी' एवढाच शब्द उरला होता.

नाइलाज झाला तेव्हा ते वरच्या मजल्यावर बँकवाल्या काकांकडे गेले. काका बँकेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण त्यांचा शब्दसंग्रह अजून नोकरीत होता. सावधानराव रजेवर असल्यामुळे मुलाखत त्यांची असणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी सांगितलं, की माझ्या एका मित्राला असा असा मेल आलाय आणि उत्तर कसं लिहावं हे तो मला विचारतोय. काकांनी चष्मा पुसून लावला, खुर्ची ओढली आणि प्रकरण समजावून घेतलं. मित्राचं वय काय, अनुभव किती, तब्येत कशी, हे सगळं विचारलं. सावधानरावांनी मित्राची तब्येत बरी असल्याचं सांगितलं.

काकांचं मत पडलं, की लेखी 'हो' कधीही द्यायचं नसतं. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागदावर एकदाही हो लिहिलं नव्हतं आणि म्हणूनच ते सुखरूप निवृत्त झाले होते. हो म्हणायचंच झालं तर ते असं म्हणावं, की उद्या कुणी विचारलं तर आपण नाही म्हटलं होतं हेही त्यातून दाखवता आलं पाहिजे. मग त्यांनी मजकूर सांगितला आणि सावधानरावांनी तो उतरवून घेतला: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर मुलाखतीस उपस्थित राहण्याबाबत अधोस्वाक्षरीकर्त्याची कोणतीही हरकत नाही.' सावधानरावांना हे वाक्य वाचून जरा धीर आला. त्यात इतके मोठे शब्द होते, की कुठला धक्का थेट माणसाला बसलाच नसता.

ते जिना उतरू लागले तेव्हा काका दारातून म्हणाले, "आणि मित्राला म्हणावं, तो फिका निळा शर्ट घाल. त्याला तो शोभतो."

सावधानराव हो म्हणाले, कठड्याला धरून अर्धा जिना उतरले आणि मग थबकले. कान गरम झाले. इतके दिवस ते जिन्यात हवेबद्दल बोलत होते आणि समोरचाही मान डोलावून हवेबद्दलच बोलत होता. आपण सगळ्यांना फसवतोय या समजुतीत ते होते, आणि सगळी इमारत मिळून त्यांना फसू देत होती. कारखाना बंद झाला त्या दिवशी ते आपलं हेल्मेट, बूट आणि पाट्यांचा गठ्ठा खोक्यात घालून दिवसाढवळ्या घरी घेऊन आले होते. रजेवर जाणारा माणूस पाट्या घरी आणत नाही, एवढं कुणालाही कळलं असतं. अपमान वाटून घ्यावा की आभार मानावेत हे त्यांना ठरवता येईना. शेवटी कठडा नीट धरून ते उरलेला जिना उतरले.

घरात येऊन त्यांनी काकांचं वाक्य लॅपटॉपवर उतरवलं, तोच दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे विमेवाले उभे होते. विमेवाले म्हणजे उत्साहाचं दुकान. त्यांना पाहिलं की सावधानराव एरवी आतल्या खोलीत जात, कारण भीती दाखवणं हा दोघांचाही धंदा असला तरी विमेवाले ती हसत हसत दाखवत. "तुमच्या मित्राचं कळलं," ते आत येत म्हणाले. काकांनी जिन्यातच त्यांना गाठलं असणार. त्यांनी पडद्यावरचं वाक्य वाचलं आणि कपाळाला हात लावला. मित्राला नोकरी हवीय की खटला लढवायचाय, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या मते अशा वेळी माणसाने जरा भाव खायला हवा. गरजू दिसलात की संपलंच. आपल्याला चार जण बोलावतायत, पण तुमच्यासाठी वेळ काढतोय, अशा थाटात लिहायचं.

मला, म्हणजे मित्राला, कुणीच बोलावत नाहीये, असं सावधानरावांनी क्षीणपणे सांगून पाहिलं. तोवर विमेवाले खुर्चीत बसले होते आणि त्यांची बोटं टपटप चालू झाली होती. 'तथापि गुरुवारी मला इतरत्रही बरीच मागणी असल्यामुळे' इथपर्यंत ते आले आणि पुढचा शब्द आठवत असताना, लॅपटॉपवर काम करणं किती सोपं आहे हे दाखवायला म्हणून, "हे बघा, उंदीर वगैरे काही लागत नाही, ही दोन बटणं एकदम दाबली की झालं," असं म्हणून त्यांनी ती दोन बटणं एकदम दाबली.

पडद्यावरचा मजकूर नाहीसा झाला. खाली 'मेल पाठवला' असं उमटलं.

"गेला वाटतं," विमेवाले म्हणाले. मग, एका परीने बरंच झालं, आता भीती उरली नाही, असं सांगून आणि दूध गॅसवर ठेवल्याचं अचानक आठवून ते खाली गेले. दूध गॅसवर ठेवून घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात आपण लॅपटॉप दिला, हे सावधानरावांना फार लागलं.

आता माणसाने काय करावं? काही करू नये. पण सावधानरावांच्या सगळ्या आयुष्याची शिस्तच अशी होती, की गळती दिसली की ती तत्काळ बुजवायची. त्यांनी दुसरा मेल पाठवला: 'कृपया आधीचा मेल दुर्लक्षित करावा.' हा मेल छोटा, स्वच्छ आणि नम्र होता. तो गेल्यावर ते पाणी प्यायला उठले आणि पेला तोंडाशी नेऊन थांबले. आधीचा म्हणजे कुठला? त्याच्याही आधी त्यांनी कंपनीला नोकरीचा अर्ज पाठवला होता. तोही आधीचाच. कंपनीने तो दुर्लक्षित केला तर मुलाखत कसली? त्यांनी पेला तसाच ठेवून तिसरा मेल पाठवला: 'आधीचा म्हणजे फक्त आज पाठवलेला. पूर्वीचा अर्ज दुर्लक्षित करू नये.' मग लक्षात आलं, की आज तर दोन पाठवलेत. दुर्लक्षित करावा असं सांगणारा मेलही आजचाच. तो दुर्लक्षित झाला तर पहिला मेल पुन्हा जिवंत होतो, मागणीसकट. तेव्हा चौथा मेल गेला: 'आजचा म्हणजे आजचा पहिला. दुर्लक्षित करण्याबाबतचा मेल दुर्लक्षित करू नये. घोटाळ्याबद्दल क्षमस्व.' आणि गैरसमजाला कुठेही जागा राहू नये म्हणून खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव, वय, पत्ता आणि कारखान्यातल्या सवयीने रक्तगटही लिहिला.

संध्याकाळी बायको आली. तिने चपला काढल्या, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ती लॅपटॉपसमोर बसली. तिने चारही मेल ओळीने वाचले. पहिला दोनदा वाचला.

"मागणी कुणाला आहे?" तिने विचारलं.

सावधानरावांनी विमेवाल्यांचा प्रकार सांगितला. तिने ऐकून घेतलं, परत पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "या चार मेलमध्ये तुम्ही येणार आहात असं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. सावधानराव खाली बसले. इतका वेळ त्यांना भीती होती ती चुकीचं लिहिल्याची. मुळात लिहायचं तेच राहिलं, ही शंका त्यांना शिवलीही नव्हती. त्यात मुलीचा फोन आला. तिच्या फोनवर म्हणे एका गाद्यांच्या कंपनीचं 'आपला मेल मिळाला, आभारी आहोत' असं आपोआप येणारं उत्तर आलं होतं, तेही चार वेळा, आणि तिने काही गादी मागवली नव्हती. लॅपटॉपवर अजून तिचंच खातं उघडं होतं. कॉलेजात असताना तिने त्या खात्याला गमतीने एक नाव दिलं होतं आणि पुढे ते बदलायचं राहून गेलं. म्हणजे कंपनीला गेलेल्या चारही मेलवर पाठवणाऱ्याचं नाव 'झोपाळू मांजर' असं होतं. सदर मुलाखतीस झोपाळू मांजराची हरकत नव्हती. झोपाळू मांजराला इतरत्रही बरीच मागणी होती.

मुलगी हसायला लागली, मग पलीकडे बाबा हसत नाहीयेत हे कळल्यावर थांबली. ती म्हणाली, आता काही पाठवू नका, लॅपटॉप मिटा, उद्या सकाळी तुमच्या फोनवरून एक ओळ लिहा. सावधानरावांनी लॅपटॉप मिटला आणि खबरदारी म्हणून त्यावर उशी ठेवली.

जेवताना ते भात नुसता कालवत बसले. बायकोने वाढायचं थांबवून विचारलं, तेव्हा ते ताटाकडे बघत म्हणाले, "त्यांनी मला नाही म्हटलं ना, तर चालेल मला. माणसं नाही म्हणतात. पण ते बोलवत होते आणि मला हो म्हणता आलं नाही, असं झालं तर मी तुला काय सांगू?"

तिने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, की आमच्याकडे रोज माणसं येतात, खुर्चीत बसतात आणि घाबरून तोंडच उघडत नाहीत. दात दुखत असतो, डॉक्टर समोर उभे असतात, पण ओठ घट्ट. त्यांना मी एवढंच सांगते, की अर्धं काम तुमचं, तोंड उघडा. पुढचं आमच्यावर सोडा. सावधानरावांनी मान हलवली आणि एक घास खाल्ला. पण धीर आला असं काही म्हणता येत नाही.

सकाळी फोनवरून ती एक ओळ लिहायची होती. पण आता प्रत्येक ओळ त्यांना विजेच्या उघड्या तारेसारखी दिसू लागली होती. त्यांनी कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, की आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, गादीसाठी एक दाबा, उशीसाठी दोन दाबा. मुलाखतीसाठी काहीच दाबायला नव्हतं. जिन्यात बँकवाले काका भेटले. त्यांनी सगळं ऐकून गंभीरपणे सांगितलं, की मित्राने आता लेखी काहीही देऊ नये, सरळ प्रत्यक्ष जाऊन यावं. सावधानरावांनी फिका निळा शर्ट घातला आणि ते निघाले.

गाद्यांची कंपनी गावाबाहेर होती. वाटेत बसमध्ये त्यांना आधी वाटलं, गाद्यांच्या कारखान्यात धोका तो काय असणार, माणूस पडला तरी गादीवरच पडेल. मग फोम किती झपाट्याने पेटतो हे आठवलं आणि उरलेला प्रवास त्यांनी डोळे मिटून केला. फाटकावरच्या रखवालदाराने कुणाला भेटायचंय ते विचारलं. सावधानरावांनी सांगितलं, की त्यांची गुरुवारी मुलाखत आहे. मग गुरुवारी या, रखवालदार म्हणाला. गुरुवारी येणार हेच सांगायला आलोय, सावधानराव म्हणाले. रखवालदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. माणूस येणार आहे हे सांगायला माणूस येतो, हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने वही पुढे केली. 'भेटीचे कारण' या रकान्यात काय लिहावं हे न सुचून सावधानरावांनी 'वैयक्तिक' लिहिलं, ते संशयास्पद वाटलं म्हणून खोडलं, आणि खोडल्यामुळे ते जास्तच संशयास्पद दिसू लागलं.

रखवालदाराने आत फोन करून नाव सांगितलं. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण त्याचा चेहरा बदलला. तो उभा राहिला. "तुम्हाला लगेच आत पाठवायला सांगितलंय," तो म्हणाला, "लगेच."

हे 'लगेच' सावधानरावांना मुळीच आवडलं नाही. ते लांबच लांब बोळातून चालत गेले. दोन्ही बाजूंना छतापर्यंत गाद्या रचलेल्या होत्या, त्यामुळे स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नव्हता. एरवी त्यांनी आग विझवायची नळकांडी कुठे आहेत ते पाहिलं असतं. आज ते बाहेर पडायचं दार कुठे आहे ते पाहत होते, आणि तेही स्वतःपुरतं.

भरती विभागात एक तरुण बाई बसल्या होत्या. त्या सावधानरावांच्या मुलीच्याच वयाच्या असतील. टेबलावर चारही मेल छापून, टाचणी लावून ठेवले होते. सावधानराव दारात दिसताच त्या ताडकन उठल्या, त्यांनी खुर्ची पुढे केली, दार लोटलं आणि विचारलं, "आमच्याकडून काही चुकलं का?"

हा प्रश्न सावधानराव विचारणार होते. तो समोरूनच आल्यामुळे ते नुसते खुर्चीच्या कडेवर टेकले. बाईंनी ते कडेवर टेकणं वाईट अर्थाने घेतलं आणि भराभर सगळं सांगून टाकलं. त्या नवीन होत्या, अजून कायम व्हायच्या होत्या, आणि उमेदवारांना मेल पाठवायचं हे त्यांच्याकडे सोपवलेलं पहिलंच स्वतंत्र काम होतं. बाकीच्यांची 'येतो' म्हणून एकेका ओळीची उत्तरं आली होती. आणि मग अधोस्वाक्षरीकर्त्याचा मेल आला. बाईंना वाटलं, हा कुणी वकील असावा. दुसरा, तिसरा आणि चौथा मेल आल्यावर वाटलं, की आपण गोंधळतो का हे पाहायला मोठ्या साहेबांनीच कुणाकडून तरी हे पाठवलंय, आणि मांजर ही त्यातली खूण आहे. सगळी सकाळ त्या उत्तर लिहीत होत्या आणि खोडत होत्या. "तो रक्तगट कशासाठी होता?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

सावधानरावांनी सगळं सांगितलं. काका सांगितले, विमेवाले सांगितले, मुलीचं खातं सांगितलं. मित्र मात्र सांगितला नाही; मुलाखत माझी आहे, असंच सांगितलं. कितीतरी दिवसांत हे वाक्य त्यांनी बायको-मुलीशिवाय कुणासमोर उच्चारलं नव्हतं. बाई ऐकता ऐकता हळूहळू खुर्चीत टेकल्या.

"म्हणजे तुम्ही येणार आहात," त्या म्हणाल्या.

"येणार आहे."

"मग तेवढं मेलवर पाठवाल का? दुपारच्या आत. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत."

सावधानरावांनी फोन काढला. समोर बाई, मधे टेबल. काय लिहू, असं त्यांनी विचारलं, तर उमेदवाराला मजकूर सांगणं नियमात बसत नाही म्हणून बाईंनी खिडकीकडे तोंड केलं आणि खिडकीला सांगितलं, की बहुतेक जण 'गुरुवारी अकरा वाजता येतो' असं लिहितात. सावधानरावांनी ते लिहिलं, डोळे मिटून पाठवलं. बाईंचा संगणक टिंग वाजला आणि दोघंही दचकले. बाईंनी मेल वाचला, समाधानाने मान हलवली, साहेबांच्या वेळापत्रकात नाव घालायला दुसरं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मोठे साहेब गुरुवारी परगावी चालले होते. मुलाखती बुधवारी होत्या, उद्या. बाईंनी सगळ्या उमेदवारांना वार चुकीचा कळवला होता.

त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी घाईने टंकायला सुरुवात केली. सावधानरावांनी वाकून पाहिलं. 'कृपया आधीचा मेल' इतकं लिहून झालं होतं.

"थांबा," सावधानराव म्हणाले. आवाज इतका ठाम होता, की तो आपला आहे हे त्यांनाही क्षणभर कळलं नाही. "ते बटणांवरचे हात आधी काढा. आता श्वास घ्या. आधीचा, नंतरचा असलं काही लिहायचं नाही. मुलाखत बुधवारी अकराला आहे, गुरुवारी नाही, एवढंच लिहा. आणि फोनही करा सगळ्यांना. तुम्ही नंबर काढा, मी बसतो इथे."

कारखान्यात एकदा रंगाचं पिंप उलटलं होतं, तेव्हाही ते असंच बोलले होते. अपघात होण्याआधी त्यांना जितकी भीती वाटे, तितकी तो झाल्यावर वाटत नसे. तेव्हा करायला काम असायचं. बाईंनी लिहिलं, त्यांनी वाचून पाहिलं, बाईंनी पाठवलं. सावधानरावांच्या हातातला फोन वाजला. मुलाखत बुधवारी असल्याचं त्यांना कळवण्यात आलं होतं, आणि खाली ते येत असल्याचे ईमेलने कळवावे, अशी विनंती होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई संगणकाकडे पाहत वाट बघत होत्या. सावधानरावांनी अंगठ्याने 'येतो' लिहिलं आणि पाठवलं. या वेळी डोळे उघडे होते.

बुधवारी मुलाखत झाली. मोठ्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, गाद्यांच्या कारखान्यात असं काय होऊ शकतं? सावधानरावांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी फोमपासून सुरुवात केली, मग तारांकडे वळले, मग छतापर्यंत रचलेल्या गाद्यांकडे. ते छतावर पोचले तेव्हा साहेबांनी वर पाहिलं. शेजारच्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकाने आपली खुर्ची नमुन्याच्या गाद्यांपासून हळूच दूर सरकवली. दुसऱ्याने चहा आणणाऱ्याला जाताना दार उघडंच ठेवायला सांगितलं. पुढचे प्रश्न विचारायचे राहून गेले. घरी आल्यावर सावधानरावांनी बायकोला सांगितलं, की गेलं बहुतेक, मी सगळ्यांना घाबरवून सोडलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी ते दाढी करत असताना फोन वाजला. दाढी करताना ते फोन घेत नसत. बायको कामावर निघाली होती, तिनेच पाहिलं आणि वाचून दाखवलं, की आपली निवड झाली आहे, आपण रुजू होण्यास येत असल्याचे कळवावे. सावधानरावांनी वस्तरा काळजीपूर्वक खाली ठेवला, आरशात फेसाळलेल्या स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता विचार करून लिहायला हवं. मी जरा वरती काकांना—"

"झालं," बायको म्हणाली.

तिने फोन त्यांच्या ओल्या हातात दिला आणि ती चपला घालू लागली. त्यांनी चष्मा शोधून वाचलं. मेल गेलेला होता, त्यांच्याच नावाने, त्यांच्याच फोनवरून. त्यात लिहिलं होतं: 'हो, येतात.'